सुकाणूशेजारचा संगणक

खाडीच्या दोन्ही काठांवर तिला नकाशावाली म्हणत, आणि म्हणताना लोक जरा हसत. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. भरल्या फेरीबोटीत सुकाणूला खेटून, टीव्हीएवढा संगणक दोरखंडानं बाकाला बांधलेला आणि मांडीवर की-बोर्ड घेऊन बसलेली बाई रोज बघायला मिळाली, तर कोण हसणार नाही?

ती मूळची खाडीवरची नव्हेच. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. सुरुवातीला शाईचं पेन आणि पारदर्शक कापड, पुढे संगणक. हात असा स्थिर की साहेब म्हणायचे, "या बाईंनी काढलेल्या रेघेवरून मुंगी चालली तर तिचासुद्धा तोल जायचा नाही." मग कचेरीची ती शाखा बंद झाली. लांबच्या शहरात जा, नाहीतर घरी बसा, असं सांगण्यात आलं. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. घरी सासू-सासरे. ती घरी बसली. जुने संगणक भंगारात जायचे होते, तेव्हा साहेबांनी तिचा संगणक तिलाच नेऊ दिला, त्यातल्या नकाशाच्या प्रोग्रॅमसकट. घरी आल्यावर सासूबाईंनी त्याच्यावर क्रोशाचं पांढरं आवरण घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. आल्यागेल्याला वाटायचं, यांच्याकडे दोन टीव्ही आहेत.

सासरे फेरीबोटीचे तांडेल. या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, दुधाचे कॅन पोचवायचे, तिकडून परत आणायचे, हेच त्यांचं आयुष्य. खाडी रुंद, आणि नदी दरवर्षी वाळू आणून ओतायची ती आपल्या लहरीनं. गेल्या वर्षी जिथून बोट सरळ जायची तिथे यंदा बगळे उभे राहिलेले दिसायचे. तांडेल ते सगळं पाण्याच्या रंगावरून ओळखत. दिसलं तर ओळखत, एवढंच. थंडीत सकाळी धुकं उतरलं की खाडी नुसती दुधाची कढई व्हायची, आणि मग बोट धक्क्यालाच बांधून ठेवायची असा नियम होता. नियम बंदर कचेरीचा होताच, पण त्याआधीपासून तांडेलांच्या गुरूचा होता. धुक्यात बोट हाकायची नाही, म्हणजे नाही.

यात कुणाचं फारसं अडत नव्हतं. लोक दोन घटका थांबायचे, गप्पा मारायचे. पण सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पलीकडच्या काठावरच्या रुग्णालयात जावं लागायला लागलं, तेव्हा धुकं घरात शिरलं.

पहिल्याच थंडीत लागोपाठ काही दिवस खाडी उघडलीच नाही. शेवटी सूनबाईनं जीप ठरवली आणि लांबच्या पुलावरून वळसा घालून सासूबाईंना नेलं. खड्ड्याखड्ड्यांतून अर्धा दिवस गेला. पोचल्या तेव्हा सासूबाईंचं तोंड सुजलेलं, पायांत पाणी आणि श्वास असा की बोलताना प्रत्येक शब्द वेगळा पडावा. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं आणि मग बाहेर येऊन सुनेला सुनावलं.

"डायलिसिसची एखादी पाळी चुकली तर चालतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही सांगितलं. धुकं होतं."

"धुकं मला कळतं हो. त्यांच्या शरीराला कळत नाही."

परत येताना सासूबाई जीपमध्ये तिच्या खांद्यावर डोकं टेकून पडल्या होत्या. जरा बरं वाटल्यावर म्हणाल्या, "तुझा सासरा इतकी वर्षं जगाला पलीकडे नेतो, आणि बायकोला काही नेता येत नाही बघ." म्हणून हसल्याही. सूनबाईला मात्र हसू आलं नाही.

त्या उन्हाळ्यात नवरा रजेवर आला तो जहाजावरून काढून टाकलेलं एक यंत्र घेऊन. हातात मावणारं, जुन्या ट्रान्झिस्टरसारखं, काचेवर आकडे दाखवणारं. उपग्रहांचे संदेश पकडून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगायचं. घरातले सगळे अंगणात जमले आणि यंत्रानं अंगणाचे अक्षांश-रेखांश सांगितले.

"म्हणजे आपण आपल्या अंगणात आहोत," तांडेल म्हणाले. "हे कळायला आकाशात उपग्रह सोडावे लागले?"

नवरा हसला. पण रात्रीच्या जेवणाला त्यानं सहज सांगितलं की जहाजावर हेच यंत्र नकाशाच्या पडद्याला जोडलेलं असतं, आणि पडद्यावर आपलं जहाज सरकताना दिसतं, बाहेर काही दिसो न दिसो. सूनबाईच्या हातातला घास तसाच राहिला.

"बाहेर काही दिसो न दिसो?"

"हो. पण ती महागडी यंत्रणा असते गं."

"नकाशाचा प्रोग्रॅम आपल्याकडे आहे. जोडायचं कसं, ते सांग."

ते त्यालाही धड माहीत नव्हतं. एक केबल लागते, इतकं माहीत होतं. तो जहाजावर परत गेला आणि ती पलीकडच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं यंत्राचं चपटं तोंड उलटसुलट करून पाहिलं, दोन-तीन जुन्या केबल कापल्या, डाग दिले आणि एक लांबलचक केबल तिच्या हातात ठेवली. "चाललं तर माझं नाव सांगा. नाही चाललं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

संगणकावरची फुलदाणी उतरली. यंत्राला वर मोकळं आकाश लागतं, म्हणून केबल खिडकीतून बाहेर काढून ते अंगणात खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर दिलं. आत ही, बाहेर त्या.

"आई, किती उपग्रह दिसतायत?"

"तीन आलेत. चौथा रुसलाय."

"चार तरी लागतात."

"मग थांब. मुंजाबासारखी बसलेय मी इथे, कुठे जातेय?"

चौथा आला, पाचवाही आला. पण संगणकाच्या पडद्यावर काहीच येईना. मग आलं ते असं की कुणी तरी मूठभर मुंग्या पडद्यावर झटकल्या असाव्यात. निरर्थक चिन्हं, चौकोन, प्रश्नचिन्हं. ती दिवसचे दिवस त्या मुंग्यांपुढे बसली. यंत्राबरोबर आलेलं चोपडं वाचून हळूहळू तिच्या लक्षात आलं की यंत्र एका वेगानं बोलतंय आणि संगणक दुसऱ्या वेगानं ऐकतोय. शिवाय यंत्राला आपली घरची बोली सोडून सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोल, हेही सांगावं लागतं, आणि प्रोग्रॅमला केबल नेमकी कोणत्या पोर्टला खोचली आहे ते दाखवावं लागतं. एक जुळवावं तर दुसरं सुटायचं. एका दुपारी तिनं तिन्ही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून लावल्या, आणि पडद्यावर मुंग्यांच्या जागी स्वच्छ आकड्यांची एक ओळ उमटली. मग दुसरी, मग तिसरी. सेकंदासेकंदाला एकेक.

"आलं!" ती ओरडली.

"कोण आलं?" बाहेरून सासूबाई. "बसायला सांग त्यांना, मला उठता येत नाहीये!"

नकाशा मिळवणं त्या मानानं सोपं वाटलं होतं. बंदर कचेरीतून खाडीचा जुना छापील नकाशा मिळाला, छपाईच्या दुकानात त्याचे तुकड्यातुकड्यांनी फोटो उतरवून तिनं ते संगणकात नीट जोडले. आता प्रश्न होता तांडेलांचा.

"माझ्या बोटीवर टीव्ही?"

"नुसता कोपऱ्यात राहील, बाबा. तुमच्या कामात लुडबुड नाही. स्वच्छ उजेडात, रोजच्यासारखं जायचं. मी फक्त बघणार."

"वीज कुठून आणशील?"

"तुमच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून. विचारलंय मी."

तांडेलांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. घरात बहुमत कुठे आहे ते त्यांना कळलं.

बोटीवर भोंगा नावाचा खलाशी होता. खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक असावं. या काठावर कुजबुजला तर त्या काठावर ऐकू जायचं, असा त्याचा आवाज. त्यानं आणि सूनबाईनं मिळून तो जड पडदा उचलून आणला, खाली लाइफजॅकेटं अंथरली आणि वर दोर आवळले. यंत्र सुकाणूघराच्या छपरावर बसवलं. बोट सुटली. पडद्यावर नकाशा, नकाशावर बोटीचं छोटं लाल चिन्ह. लोक मागून डोकावू लागले. लाल चिन्ह सरकलं, सरकलं, आणि बोट खाडीच्या ऐन मध्यावर असताना ते काठ चढून थेट मासळी बाजारात शिरलं.

"तांडेल," मागून एक दूधवाला म्हणाला, "आता आलोच आहोत तर जरा सुरमईचा भाव विचारून घेऊ का?"

बोटभर हशा झाला. तांडेलांची मिशी हलली. सूनबाईचे कान लाल झाले.

घरी येऊन तिनं कपाळावर हात मारला. कचेरीत हे तिनं किती वेळा पाहिलं होतं! जुने नकाशे ज्या मोजणीवर बेतलेले असतात आणि उपग्रह ज्या मोजणीत बोलतात, त्या दोन वेगळ्या. एकीतला बिंदू दुसरीत तसाच उचलून ठेवला की तो बाजूला घसरतो. मग ती यंत्र घेऊन फिरली. या धक्क्याच्या दगडी खांबापाशी उभी राहिली, त्या धक्क्याच्या पायरीवर, दीपगृहाच्या ओट्यावर, जुन्या गोदामाच्या कोपऱ्यावर. प्रत्येक ठिकाणचे आकडे नकाशावरच्या त्याच ठिकाणाला बांधले, तेव्हा नकाशा जागेवर बसला. पुढच्या खेपेला लाल चिन्ह खाडीतून गेलं आणि पलीकडच्या धक्क्याला बरोबर टेकलं. दूधवाल्याला वाईट वाटलं.

पण तिला कळून चुकलं होतं की एवढ्यानं भागत नाही. आपण कुठे आहोत ते आता कळत होतं. वाळू कुठे आहे ते त्या नकाशाला कळत नव्हतं, कारण तो छापला तेव्हाची वाळू कधीच वाहून गेली होती. मग तिनं प्रोग्रॅमला सांगितलं की बोट जिथून जाईल तिथे मागे रेघ सोडत जा. रोजच्या जितक्या खेपा, तितक्या रेघा. दर खेपेला भोंगा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायचा आणि किती हात खोल ते ओरडायचा, ही ते आकडे त्या त्या जागी टिपायची. भरतीची खोली वेगळी, ओहोटीची वेगळी. तेही हिशेबात धरायला तांडेलांनीच शिकवलं.

तांडेलांना या सगळ्याची गोडी कधी लागली ते सांगता यायचं नाही. शेवटची खेप झाली की संगणक घरी यायचा. पहिल्यांदा ते संध्याकाळी पडद्यापाशी आले ते चहाचा कप ठेवायला. मग तिथेच उभे राहिले.

"ही रेघ इथे अशी वाकडी कुणी काढली?"

"तुम्हीच. काल दुपारची खेप आहे ती."

ते वाकून बघत राहिले. "हां. तिथे पाणी गोल फिरत होतं. खाली काही तरी साठतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि ही सरळ गेलेली?"

"सकाळची."

"सकाळी मी जरा जास्तच डावीकडून नेली. बरोबर नाही ते."

मग रोजचंच झालं. जन्मभर त्यांचं काम म्हणजे पाण्यावरची रेघ. बोट पुढे गेली की मागे पाणी मिटायचं, जणू कुणी गेलंच नाही. आता संध्याकाळी हातपाय धुऊन ते खुर्ची ओढून बसत आणि आपला दिवस बघत. चुकलं तिथे स्वतःला शिव्या देत, साधलं तिथे मान हलवत. पावसाळा संपता संपता खाडीच्या नकाशावर रेघांची एक जाड, वळणदार दोरीच विणली गेली होती. त्या दोरीवर कुठेही बोट ठेवलं तरी खाली पाणी होतं.

"आता धुक्यातही जाता येईल," एकदा ती हळूच म्हणाली.

"नाही," तांडेल म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

थंडी आली. धुक्याच्या दिवशी बोट बांधलेलीच राहिली, आणि सासूबाईंना जीपनं न्यावं लागलं.

पुढे जे घडलं ते कुणी ठरवून केलं नाही. त्या सकाळी खाडी आरशासारखी स्वच्छ होती. सासूबाई शाल गुंडाळून सुकाणूघराच्या पाठीशी बसल्या, बोट सुटली. मध्यावर पोचली तोच समुद्राकडून धुकं आलं. आलं म्हणजे भिंत चालत यावी तसं आलं. आधी दीपगृह गेलं, मग दोन्ही काठ, मग बोटीची नाळ, मग नाळेवरचा भोंगा. राहिला फक्त त्याचा आवाज.

तांडेलांनी इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. नियमाप्रमाणे हेच बरोबर होतं. पण ओहोटी लागली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की पाणी उतरता उतरता नांगरावरची बोट ओढीनं बाजूच्या वाळूवर बसणार आणि पुढची भरती येईपर्यंत हलणार नाही. सासूबाईंची पाळी तर जाणारच. बोटीतले लोक कुजबुजायला लागले. कुणाची परीक्षा होती, कुणाची कामावरची वेळ. सूनबाई पडद्याकडे बघत होती. लाल चिन्ह दोरीच्या मधोमध होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आपण वाटेवरच आहोत."

ते नांगराच्या दोरीकडेच बघत राहिले.

"अहो," पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, "तिचं ऐका तरी. माझ्यासाठी म्हणत नाही मी. भर खाडीत तांडेलाची बोट वाळूत बसली, तर लोक तुमचंच नाव घेतील."

तांडेल पडद्यावर वाकले. "खात्री आहे तुला?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "आपण कुठे आहोत याची खात्री आहे. दहा-पंधरा पावलं इकडेतिकडे. वाळूची खात्री मी कोण देणार? ह्या रेघा तुमच्या आहेत. तुम्हाला तुमची खात्री असेल तर चला."

त्यांनी एक श्वास घेतला. "भोंगा! नांगर उचल. दोरी घेऊन उभा राहा, आणि तोंड चालू ठेव!"

"ते कधी बंद होतं?" धुक्यातून उत्तर आलं.

इंजिन अगदी मंद लावलं. ती सांगू लागली, "सरळ... सरळ... आता थोडं डावीकडे." पलीकडच्या धक्क्यावर कुणी तरी घंटा वाजवत होतं, बोट हरवली असं समजून. ती घंटा उजवीकडून ऐकू येत होती. तांडेलांचे हात नकळत उजवीकडे वळले.

"डावीकडे, बाबा."

"घंटा उजवीकडे आहे."

"मला माहीत आहे. रेघ डावीकडे आहे."

धुक्यात आवाज फसवतो हे तिच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं, पण कान ऐकत नाहीत. त्यांनी ओठ आवळले आणि सुकाणू डावीकडे फिरवलं. भोंगा ओरडला, "पाच हात! पाच हात! सहा!" तांडेलांच्या खांद्यांतला ताण उतरलेला तिला शेजारी बसूनही जाणवला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की लाल चिन्ह जागचं हललेलं नाही. इंजिन चालू आहे, पाणी सरकतंय, आणि चिन्ह मात्र खिळा मारल्यासारखं स्थिर. एक क्षण असा आला की गप्प राहावं, आत्ता हलेल, असं वाटलं.

"बाबा, थांबवा. मला दिसत नाहीये."

बाकावरचं कुणीही हललं नाही. तांडेलांनी इंजिनाची गती काढली, पण ओहोटी बोटीला ओढतच होती. ते रागावले नाहीत. जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश बघ. घाई नको."

तिनं संगणकाच्या मागे हात घातला. इंजिनाच्या हादऱ्यांनी केबलचा स्क्रू सैल झाला होता आणि टोक अर्धं निसटलं होतं. तिनं ते अंगठ्यानं दाबून धरलं. आकड्यांची ओळ उमटली. चिन्हानं पडद्यावर उडी मारली आणि ते सगळ्या रेघांच्या बाहेर, उजव्या कडेला जाऊन पडलं.

"मागे! मागे घ्या, उजवीकडे वाळू!"

"दोन हात!" भोंग्याचा आवाज फाटला.

इंजिन गुरगुरलं, बोट थरथरली, मागे सरली. "अडीच... तीन... साडेतीन!" चिन्ह पुन्हा दोरीत आलं. उरलेली सगळी वाट ती एका हातानं केबल दाबून बसली होती. दुसऱ्या हातानं पडद्यावर दाखवत होती, आणि तांडेल तिच्या बोटाच्या मागोमाग बोट नेत होते. मग धुक्यातून काही काळसर पुढे आलं. दगडी पायऱ्या. ओल्या, शेवाळलेल्या, आणि इतक्या जवळ की भोंग्यानं नुसता हात लांब करून धक्क्याची कडी धरली.

"पोचलो का?" सासूबाईंनी विचारलं. "मी डोळे मिटून घेतले होते. तसंही काय दिसत होतं म्हणा."

त्यांची डायलिसिसची पाळी वेळेवर झाली.

दुसऱ्या दिवशी बंदर अधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. माणूस तसा सज्जन, पण नियमाला धरून. धुक्यात भरली बोट हाकली म्हणून त्यांनी तांडेलांना चांगलंच फैलावर घेतलं. तांडेलांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "साहेब, परवाना काढून घ्यायचा तर घ्या. पण त्याआधी एकदा आमच्या बोटीवर येऊन बसा. सूनबाई काय करते ते बघा."

"धुक्यात? मी?"

"नको. लख्ख उन्हात. काचा आम्ही झाकू."

भर दुपारी, एकही प्रवासी न घेता, सुकाणूघराच्या सगळ्या काचांवर गोणपाट ठोकलं. आत तांडेल, सूनबाई आणि घामाघूम झालेले अधिकारी. बाहेर भोंगा. त्याला ताकीद होती की दोरीची खोली तेवढी ओरडायची आणि खरंच धोका दिसला तरच बाकी काही बोलायचं. दोन्ही धक्क्यांवर गर्दी. केबल आता दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून बसवली होती. गोणपाट लावलेली बोट खाडीतून वळणं घेत निघाली, तेव्हा काठावरून लोक म्हणत होते की तांडेलाला चढली की काय. पलीकडे बोट धक्क्याला टेकली, थोडी आदळलीच. अधिकाऱ्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलून बाहेर पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"परत चला," ते म्हणाले. "उलट्या बाजूनं बघू."

उलट्या बाजूनंही बोट बरोबर लागली. उतरल्यावर सगळ्यांत मोठा श्वास भोंग्यानं सोडला. "साहेब, आकडे सोडले तर मासा गिळल्यासारखा गप्प होतो. पुन्हा असलं काही सांगू नका."

परवानगी मिळाली ती अटी घालून. धुक्यात फक्त रुग्ण आणि ज्यांचं खरंच अडलंय अशी मोजकी माणसं न्यायची, वेग मंद, नाळेवर दोरी चालू, आणि एक यंत्र बिघडलं तर दुसरं हाताशी. ते दुसरं यंत्र बंदर कचेरीनं दिलं. त्या थंडीत सासूबाईंची एकही पाळी चुकली नाही. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे यंदा धुकं पडलं नाही वाटतं?" तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पडलं की. आमच्या सुनेनं त्याला वाट विचारली."

त्याच थंडीत एका पहाटे एक गरोदर बाई अशीच पलीकडे गेली आणि तिला मुलगी झाली. नवराही रजेवर आला तेव्हा एका धुक्याच्या सकाळी मुद्दाम बोटीत बसला. उतरल्यावर बायकोला म्हणाला, "जहाजावरच्या साहेबांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही." ती म्हणाली, "नको सांगूस. यंत्र परत मागतील."

पुढे बंदर कचेरीनं तिला रीतसर कामावर घेतलं, खाड्यांचे नकाशे करण्यासाठी. बोटीवर लहानसा सपाट पडदा आला. तांडेलांचं वय झालं तशी त्यांनी सुकाणू भोंग्याच्या हाती दिलं, पण संध्याकाळी खुर्ची ओढून दिवसाच्या रेघा बघायचं सोडलं नाही. भोंग्याच्या चुका काढण्यात त्यांना स्वतःच्या चुका काढण्यापेक्षा जास्त मजा यायची.

पहिल्यांदा तिला दुसऱ्या खाडीवर पाठवलं, त्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "तिथला तांडेल मी ओळखतो. खडूस आहे."

"मग काय करू?"

"काही नाही. पहिले काही दिवस यंत्र पिशवीतून काढू नकोस. नुसती बस. तो कुठे वळतो, का वळतो, ते विचार. सांगायला लागला की थांबायचा नाही."

ती तशीच गेली. त्या खाडीवरचा तांडेल तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, कचेरीतून आला असाल तर सांगून ठेवतो, माझ्या बोटीवर कसलीही यंत्रं लावायला जागा नाही."

"बसायला आहे का?"

त्यानं नाइलाजानं एक बाक दाखवला. ती बसली, मांडीवर पिशवी ठेवली. बोट सुटली. थोडं पुढे गेल्यावर, पाणी सपाट दिसत असताना, त्यानं उगाचच सुकाणू मोठं वळवलं.

"इथे का वळलात?" तिनं विचारलं.

त्यानं सुकाणू सरळ केलं. मग म्हणाला, "इकडे या. तिथून दिसायचं नाही तुम्हाला. ते पाणी बघा, जरा पिवळट आहे ना..."

ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.